शतावरीला आवतण

नात झाल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. नेऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टात जो भेटेल त्याला सांगते, नाक माझ्यावर गेलंय. पण सूनबाई स्वाती फार थकली हो. दूध कमी, अंगात त्राण नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, शतावरी चालेल का? म्हणाल्या, द्या, दुधातून थोडी. मग काय! शनिवारी मुलाला म्हटलं, "संतोष, काढ गाडी. माहेरी वैनीकडनं मुळ्या आणू, आणि लावायला कोंबाचे डोळे असलेला गड्डाही आणू. गॅलरीत वाढली की घरचं औषध."

तुम्हाला मुळशीला जायचं असेल तर उजाडताच निघा, नाहीतर हिंजवडीतच दुपार होते. माणवरून घोटावडं, तिथून पौड. पौडात कांदाभजी घेतली, गरम होती, पण चहा असा गोड की ओठ चिकटले. पुढं मुळशी धरणाचं पाणी दिसलं की गाड्या मधेच थांबतात, फोटोला. संतोष ओरडायला काच खाली करत होता, मी वर करायला लावली. माहेरी जाताना भांडू नये.

वैनी अंगणात ऊन खात बसलेली. "वन्सं, लई सुटलायसा की!"

"लिफ्टनं चढते, वैनी. उतरते पण लिफ्टनंच."

जेवायला तांदळाची भाकरी, पिठलं, लसणाची चटणी. वैनीचा मुलगा दत्तू आता शेतात तंबू लावून पुण्याच्या लोकांना ठेवतो. मुक्कामाला जाणार असाल तर मधल्या वारी जा, स्वस्त पडतं आणि गाणी लावून नाचणारे नसतात.

शतावरी घरामागच्या बांधावर. काटेरी वेल, पानं शेपूसारखी बारीक. वैनीनं पहिल्या बाळंतपणात डोंगरातून आणून लावलेली. गावातल्या किती बाळंतिणींना तिनं उभं केलं! संतोषच्या वेळी मलाही तिनंच. वैनी एका अंगानंच मुळ्या काढायची, माती परत लोटायची, म्हणून वेल टिकली.

आमच्याकडं औषधाला आदल्या सांजेला आवतण देतात. आम्ही दोघींनी हळदीकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. वैनी वेलीला म्हणाली, "बाई, सकाळी चल आमच्यासंगं. लेकरू भुकेलंय." मग सकाळी अंघोळ करून जायचं आणि मुळी घरात येईस्तोवर कुणाशी बोलायचं नाही. एक शब्द गेला की गुण गेला.

सकाळी धुकं होतं. आम्ही दोघी कुदळ घेऊन निघालो, तोंडं बंद. बांधाशी पोचतो तर दत्तू जेसीबीवर. तंबूंसाठी जागा सपाट करायला भाड्यानं आणलेला.

"आत्ते, ह्या वयात कशाला वाकताय? दोन मिन्टात काढून देतो!"

आम्ही हात हलवले. नको, नको.

"व्हय व्हय, कळलं, तिथली ती येलच ना?"

वैनीनं कुदळ उगारली. तो हसला. "आये, बाजूला हो, लागंल."

शब्द माझ्या जिभेवर होता. पण गुण गेला तर? नातीचं दूध गेलं तर? मी वैनीकडं बघितलं, वैनीनं माझ्याकडं. मला वाटलं ती बोलेल. तिला वाटलं असेल मी. तेवढ्यात लोखंडी पंजा खाली आला आणि वेल मुळांसकट वर गेली. पांढऱ्या मुळ्यांचा घोस लोंबत होता. गड्ड्याच्या चिंधड्या.

"बघा, एक मुळी सोडली न्हाई!" दत्तू केवढा खूश.

वैनीनं मुळ्या पदरात गोळा केल्या, चालत घरी आणल्या, उंबरा ओलांडून आत ठेवल्या. मगच बोलली. "दत्तू, मेल्या."

तो आपला विचारतोय, "काय चुकलं? आत्तेचा त्रास वाचवला ना?" मायेनं केलेलं, त्याला काय बोलणार?

दुपारभर मुळ्या सोलल्या. ओल्या असतानाच साल निघते आणि आतला दोरा ओढून काढायचा असतो, वाळल्यावर तो येत नाही. सोलता सोलता वैनी एवढंच म्हणाली, "आवतण दिलं, ती आली. सगळीच आली, वन्सं."

परतीची वाट मी काही बघितली नाही, त्यामुळं कुठं काय खावं ते सांगता येत नाही.

स्वाती रोज दुधातून घेते. बरं वाटतंय म्हणते. नात गुबगुबीत झालीय, माझी खुशी विचारू नका. पण ही डबाभर पूड सरली की सरली. आणि वैनीचा बांध तर रिकामाच झाला. तिथं आता तंबू उभा आहे. मुळशीला जरूर जा, पाणी बघा, भाकरी खा. पण काही वाचवायचं असलं तर रीत मोडून हाक मारा.

गड्ड्याचा एक डोळेवाला तुकडा मी गॅलरीत कुंडीत लावलाय. वैनीचा रोज फोन येतो. आधी नातीचं विचारते, मग हळूच, "कोंब?"

"न्हाई अजून."

"ऱ्हाऊ दे. पण दुपारच्या उन्हात ठिवू नगंस तिला."