साहेब येईपर्यंतची मंगलाष्टकं

मुरबाडला मी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवते. दुसऱ्या वर्षाला युरोपातल्या जुन्या दरबारी कवींवर एक धडा आहे आणि परीक्षेला त्यावर ठरलेला प्रश्न येतो: कवीचं आयुष्य आणि त्याची नाती यांचा त्याच्या कवितेवर काय परिणाम झाला? पोरं पाठ केलेलं उत्तर उतरवतात. राजाची मर्जी, राणीची खप्पामर्जी, सरदारांची भांडणं वगैरे. मी पेपर तपासत बसते आणि मनात म्हणते, अरे बाबांनो, एवढ्या लांब कशाला जाता? किन्हवलीच्या रस्त्याला आमचं घर आहे. तिकडे या, चहासुद्धा मिळेल.

आमचे बाबा दरबारी कवी आहेत. थट्टा नाही करत मी. शहापूरला एका शाळेत ते कारकून होते आणि ती नोकरी त्यांना साहेबांच्या शब्दावर लागली. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. निवडून आले तरी साहेब, पडले तरी साहेब. बाबांना वृत्तात लिहिता येतं हे साहेबांना कुठल्याशा लग्नात कळलं, आणि तेव्हापासून बाबांचं कल्याण झालं की वाटोळं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. वाढदिवसाच्या बॅनरवर बाबांच्या चार ओळी. साहेबांच्या नातवाच्या बारशाला पाळणा. साहेबांच्या म्हशीला पारितोषिक मिळालं तेव्हा म्हशीवरही आर्या. म्हशीवर! मी तेव्हा एम.ए. करत होते आणि लाजेने मेले.

साहेब आणि त्यांचा धाकटा भाऊ गळ्यात गळे घालून होते तोवर बाबांच्या कवितेत राम-लक्ष्मण नांदत होते. मग दोघांचं बिनसलं. भावाने मुरबाडकडे आपला वेगळा गट काढला, आणि बाबांनी एका रविवारी बसून जुन्या कवितांतले सगळे लक्ष्मण वेचून काढले. जिथे वृत्तात अडलं तिथे हनुमान घातला. मी म्हटलं, "बाबा, तुमचा राम आता एकटाच वनवासात चाललाय." तर म्हणतात, "तुला नाय कळायचं गो राजकारण." मला नाय कळायचं! कर्म माझं.

यात माझी आई भरडली गेली. आईचं माहेर मुरबाडकडचं, आणि माझा मामा त्या धाकट्या भावाच्या गटात. झालं! बाबांचं सासुरवाडीला जाणं बंद. भाऊबीजेला आई एकटी एसटीने जायची आणि एकटी परत यायची. बाबांच्या कवितेतून तर ती साफ गेली. लग्नानंतरच्या काळात म्हणे त्यांनी तिच्यावर दोन-चार ओळी केल्या होत्या, पण मी त्या कधी ऐकल्या नाहीत. पुढे तिचं नाव घ्यायचं म्हणजे माहेर आलं, माहेर आलं म्हणजे मामा आला, आणि मामा आला की कुणीतरी साहेबांच्या कानात घालणार, कविराज तिकडे झुकले. त्यापेक्षा नकोच. अख्ख्या तालुक्याच्या सुना-सासवांवर लिहून झालं आणि हिच्या वाट्याला एक ओळ नाही. आई शिवणाच्या मशीनवर बसून ते सगळं ऐकायची, कारण बाबा नवीन काही केलं की आधी तिला म्हणून दाखवायचे. ती म्हणायची, "बरं झालंय." बस्स.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी बाबांना एकच अट घातली. नवरा आसनगावचा, साधा माणूस, त्याला मानपान काही नको होता. मला मात्र हवा होता. म्हटलं, "बाबा, मंगलाष्टकं तुम्हीच म्हणा, पण त्यातलं एक आईचं पाहिजे. तिच्यावर. बाकी तुम्हाला काय घालायचं ते घाला."

"बघू," बाबा म्हणाले.

"बघू नाही. लिहा."

"अगो लिहितो. घाई काय हाय?"

आई तिथेच माझ्या ब्लाउजला हूक लावत होती. दोरा तोडायचा राहिला तिचा. त्यानंतर रोज संध्याकाळी बाबा लिहायला बसले की ती काही ना काही निमित्ताने ओटीवर यायची. पाणी हवं का, दिवा लावू का. मला ते बघवत नव्हतं. एवढ्या वर्षांनी त्या बाईला आस लागली होती, आणि लावली मी होती.

हळदीच्या आदल्या दिवशी मी कागद मागून घेतले. आठ मंगलाष्टकं. पहिलं गणपतीचं, दुसरं कुलदैवताचं, आणि तिसऱ्यापासून साहेब सुरू. "साहेबांस मिळो अनंत विजयो, कुर्यात् सदा मंगलम्." लग्न माझं, विजय साहेबांना! आणि आई? कुठेच नाही. मी इतकी भडकले की हातातली ताटली आपटली. बाबा म्हणाले, "ऐक तर. ताणायची वेळ आली की तिचं घेईन. डोक्यात हाय माझ्या."

हे ताणणं काय ते सांगायला हवं. आमच्याकडे पुढारी आल्याशिवाय लग्न लागत नाही. मुहूर्त पत्रिकेत असतो, खरा मुहूर्त साहेबांच्या गाडीत असतो. एका दिवसात साहेबांना चार-पाच लग्नं. गाडी हायवेला अडकली की इकडे नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना हार धरून ताटकळत, आणि मंडळी मुठीत अक्षता घेऊन घामाघूम. मग बाबा माईक हातात घेतात आणि आठ संपली तरी नववं, दहावं, अकरावं रचत जातात. आधी गंगा-यमुना, मग आपल्या भातसा, काळू, शाई, मग सगळे डोंगर, मग वऱ्हाडी. साहेबांच्या ड्रायव्हरचा एक मिस्ड कॉल आला की समजायचं निघाले, दोन आले की पोचतायत. बाबांचा घसा खाकरला की जाणत्या बायका सरळ खाली बसतात.

माझ्या लग्नात हेच झालं. होणारच होतं. दारातल्या मांडवात भर उन्हाळ्यात मी शालू नेसून उभी, पाठीशी मामा. मामाने मला मांडवात आणली तेव्हा बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आई मांडवात नव्हती. नवरीच्या आईने लग्न लागताना बघायचं नाही, ही आमची रीत. ती घरामागे तुळशीला पाणी घालत बसते. पण कर्णा तिच्या डोक्यावरच बांधलेला होता, म्हणजे तिला शब्दन् शब्द ऐकू जात होता.

आठ झाली. गंगा झाली, भातसा झाली. भटजींनी घड्याळ बघितलं, मग बाबांकडे बघितलं, मग आभाळाकडे. माहुली झाली, सिद्धगड झाला. अंतरपाटापलीकडून नवऱ्याने हळूच विचारलं, "अगं, अजून किती डोंगर आहेत?" मी म्हटलं, "सह्याद्री मोठा आहे, गप्प उभा राहा." माझे हात भरून आले होते आणि डोकं तापलं होतं. ताणायला सगळं चाललं होतं, मामाच्या मुरबाडकडचे डोंगरसुद्धा चालले, पण ओळीत आई काही येत नव्हती. मामा मागून पुटपुटला, "ह्यांचा साहेब काय जेवूनच येनार काय?"

मग बाबा थांबले. खरोखर संपलं होतं त्यांच्याकडचं. फोनकडे बघितलं, फोन गप्प. क्षणभर नुसती माईकची घरघर. आणि मग त्यांनी वेगळ्याच आवाजात सुरुवात केली, त्या साहेबांसाठीच्या खड्या आवाजात नाही, घरातल्या आवाजात.

साऱ्या गावभरी शिवून दमली, अंगी जुनी पातळे
मी गेलो फिरलो सभेत, घर हे तू एक सांभाळिले
साऱ्यांची लिहिली प्रशस्ति, परि मी नावा तुझ्या टाळिले

खाली बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. पहिल्या ओळीतली "ती" दुसऱ्या ओळीत "तू" झाली होती आणि बाबांना ते कळलंही नसावं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, जाऊ दे, सगळं माफ. म्हैससुद्धा माफ.

आणि चौथी ओळ यायच्या आत रस्त्यावर हॉर्न वाजला.

बाबांचा चेहरा असा पालटला! "आले, आले! साहेबांचं आगमन झालेलं आहे, मंडळींनी जागा करून द्यावी," माईकवरच. माईक भटजींच्या हातात कोंबला, शाल-श्रीफळ उचललं आणि निघाले. तीन ओळी हवेत लटकत राहिल्या. भटजींना तेवढंच हवं होतं. "शुभमंगल सावधान" झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, नवऱ्याने हार उचलला. मी नाही उचलला. माझे हात खालीच.

"बाबा," मी ओरडले, "चौथी ओळ म्हणा. त्याशिवाय मी हार घालणार नाही."

साहेब तोवर मांडवात आले होते, गळ्यात शाल. बाबा त्यांच्या शेजारी हात जोडून, मला डोळ्यांनी गप्प करत. वऱ्हाडात कुजबुज. आणि तेवढ्यात सगळ्यांच्या माना घराच्या बाजूला वळल्या. आई आली होती. हातात पाण्याचा तांब्या, पदर अर्धा ओला. एक मावशी धावली, "अगो बाई, तू कशाला आलीस भायेर? बघायचं नस्तं!" आईने तिला हाताने बाजूला केलं.

"पुरं करा," ती बाबांना म्हणाली. "अवो, सगळ्यांची पुरी केलीत. माझं अर्धं नका सोडू."

माझी आई चार माणसांत बाबांना काही बोललेली मी पहिल्यांदा ऐकत होते. बाबांनी भटजींच्या हातून माईक घेतला. तोंड उघडलं. आणि शब्द बाहेर पडण्याआधी, अगदी आधी, त्यांनी साहेबांकडे बघितलं.

साहेब मोठ्या मनाने हसले. हात वर करून म्हणाले, "म्हणा, म्हणा कविराज. होऊन जाऊ दे."

आईने ते बघितलं. मी आईला बघितलं. तिच्या चेहऱ्यावर संताप होता, पण आवाज न करणारा.

"आता नको," ती म्हणाली. "त्यांनी सांगितल्यावर नको." मग माझ्याकडे वळून, "घाल गो हार. लोकं उपाशी हायेत." आणि आत निघून गेली.

मी हार घातला. दुसरं काय करणार होते? बँड सुरू झाला. त्या गोंधळात बाबांचे ओठ हलताना मला दिसले, पण ते ओळ म्हणत होते की साहेबांशी बोलत होते, कळलं नाही.

संध्याकाळी माझ्या पाठवणीची गाडी दारात लागली तेव्हा बाबा ओटीच्या खांबाला टेकून उभे होते. मांडवातल्या खुर्च्या उचलून झाल्या होत्या, माईकवाला वायर गुंडाळत होता. साहेब केव्हाच पुढच्या लग्नाला गेले होते. मी पाया पडायला वाकले तर बाबा घाईघाईने म्हणाले, "ती चौथी ओळ जमलीय गो. फार चांगली जमलीय. ऐकतेस?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. रडायचं सोडून मी त्यांच्यावर खेकसले, "मला कशाला ऐकवता? ती आत आहे. जा आणि तिला म्हणून दाखवा."

बाबांनी दारातून आत वाकून बघितलं. खरंच बघितलं, शोधल्यासारखं. मग उतरल्या चेहऱ्याने माझ्याकडे वळले.

"कशी म्हनू गो?" ते म्हणाले. "आत तर ऐकायला कोनीच नाय."

आत आई होती. एकटीच बसून उरलेला भात लहान टोपात काढत होती.