दुसरीच्या दुधावर

माझी पहिली मुलगी माझ्या बोलण्यामुळे गेली. हे आधीच लिहून टाकते. शेवटावर ठेवलं तर लिहिणं होणार नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईची सालं होती. वाशीमच्या कडेला, मालेगावच्या रस्त्याला कापसाचं एक जिन होतं. दिवाळीनंतर सुरू व्हायचं ते उन्हाळा तोंडावर येईपर्यंत चालायचं. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया भाकरी बांधून पायी कामाला यायच्या. सरकी आणि रुई वेगळी करणारा जो रेचा असतो, त्यावर बहुतेक बायाच. कडेवर तान्ही लेकरं. आधी ही लेकरं रेच्यामागे कापसाच्या ढिगावरच झोपवत. ती झोपत, कारण त्यांना अफू दिलेली असे. बाजरीच्या दाण्याएवढी गोळी, दुधाच्या थेंबात चोळून. त्याची कोणाला लाज नव्हती. माझ्या आईने मलाही दिली होती.

मग सरकारचा कायदा आला म्हणून मालकाने बारदान्याची खोली रिकामी केली, आढ्याला झोळ्या बांधल्या, पाण्याचा रांजण ठेवला आणि लेकरांसाठी एक बाई नेमली. तिला सगळ्या मावशी म्हणत. माळ्याची विधवा, पन्नाशी उलटलेली, पोटी मूल नाही, अक्षराची ओळख नाही. रोज कोणाचं लेकरू आलं ते लिहायला कोणी तरी हवं होतं. मी चौथी पास होते. माझा नवरा त्याच जिनात गासड्या, म्हणजे रुईचे दाबलेले गठ्ठे, उचलायचा. म्हणून मला घेतलं. माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती.

मावशीने पहिल्याच आठवड्यात दारात उभं राहून प्रत्येकीचा पदर तपासला. गाठीत अफू सापडली की काढून घ्यायची.

एक जण भांडली. "लेकरू माहं हाय. तुले काय करा लागते?"

"लेकरू तुहं, खोली माही," मावशी म्हणाली. "झोपलेलं मढं मले सांभाळाचं नाई. जागं लेकरू आणशीन त आण."

अफू बंद झाली आणि लेकरं जागी राहू लागली. जागं लेकरू भुकेलं होतं. रेचा मधे थांबत नसे, आईला दुपारचा भोंगा होईपर्यंत सुट्टी नसे. काही बायांचं काम पाळीपाळीने असायचं, त्या एकेक करून पाणी प्यायला बाहेर येत. मावशी दारात उभी राहून बघायची, कोणाचा पदर ओला दिसतो. त्या बाईला हाताने बोलवायची आणि फक्त एवढंच म्हणायची, "तू जराशीक बस इथं." मग रडणारं लेकरू तिच्या मांडीवर ठेवायची आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत बसायची. मीही तोंड फिरवायचे. कोणाचं लेकरू कोणाच्या अंगावर आहे ते कोणी पाहत नसे, म्हणून ते घडतच नसे. कुणब्याची, धनगराची, मुसलमानाची, गावकुसाबाहेरची, सगळ्या बायांना ठाऊक होतं. एकीनेही ते कधी तोंडातून काढलं नाही. आपापसांतही नाही.

त्यात माझं म्हणून जे होतं ते असं. दिवाळीच्या आधी मला मुदतीचा ताप आला होता. त्यात माझं दूध आटलं, ते परत आलंच नाही. माझ्या मुलीची हाताला नुसती कातडी लागायची. मावशीने तिला गावकुसाबाहेरच्या एका बाईच्या मांडीवर ठेवलं. ती बाई उंच, काळी, दात पुढे आलेली. तिला मुलगा होता, माझ्या मुलीहून थोडा मोठा. तिला दूध इतकं यायचं की दोघांना पाजून उरायचं. महिन्याभरात माझ्या मुलीच्या मांड्यांना वळ्या पडल्या. सासू म्हणायची, "जिनातलं पाणी मानवलं पोट्टीले." मी हो म्हणायचे.

संक्रांत झाल्यावर नागपूरहून एक बाई आली. खादीचं पांढरं लुगडं, चष्मा, जाड वही. जिनांतून लेकरांच्या खोल्या निघाल्या होत्या, त्यांतली कोणती चालते, कोणती का चालत नाही, हे शिकायला ती गावोगाव फिरत होती. मी तिला लेकरं दाखवायला लागले, तर ती म्हणाली, "मला मुलं नाही पाहायची. मुलांना पाहणारी बाई पाहायची आहे. खोली तिच्यावर चालते."

मावशी हसून हसून खोकायला लागली. "आता या वयात मले पाहाले आली व माय! पसंत पडली त हुंड्याचं आधीच बोलून घे. माह्यापाशी हा रांजण हाय फक्त."

त्या बाईलाही हसू आलं. ती चार दिवस कोपऱ्यात पोत्यावर बसून होती. मावशी कधी उठते, काय बोलते, कोणती बाई तिचं ऐकते, सगळं लिहायची. ती असताना पाजणं आमचं आडोशाला, बाहेर हलवलेल्या बारदान्यामागे चालायचं. चांगली बाई होती. लेकरांचा शेंबूड स्वतःच्या रुमालाने पुसायची. तिच्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही वाईट नव्हतं, आताही नाही.

तिसऱ्या दिवशी मावशी विहिरीवर गेली होती. ती बाई मला म्हणाली, "एक कळत नाही मला. दुसरीकडे अफू बंद केली की खोलीत रडारड असते, आया भांडतात, खोली बंद पडते. इथे अफू नाही आणि मुलं गप्प. हे कसं?"

मला कोणी असं काही विचारलंच नव्हतं कधी. मी सांगितलं. मावशी कशी दारात उभी राहते, कशी बोलवते, सगळं. मला वाटलं, मावशीचं मोठेपण वहीत जाईल.

मावशी आली आणि माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळलं.

"सांगतलं का तू?"

"हाव."

तिने हंडा खाली ठेवला. "बाई चांगली हाय थे," ती म्हणाली. "पण थे गाडीत बसून जाईन. आपल्याले इथं राहाचं हाय. उद्या हापिसात कोणी इचारलं त म्हणजो, मले माहीत नाई. समजलं का व?"

मला समजलं होतं. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला हापिसात बोलावलं. मॅनेजर होता, आमच्या गावचा एक कारकून होता, ती बाई होती. तिने मला खुर्चीवर बसायला लावलं. खुर्चीवर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले. तिने वहीतून वाचून दाखवलं की इथल्या मावशीने कायद्याला जमलं नसतं ते केलं आहे, इथे आया जातपात न पाहता एकमेकींच्या मुलांना पाजतात, आणि खोली कशी चालवावी हे या अडाणी बाईकडून सगळ्यांनी शिकावं.

मॅनेजर हसला. "बाईसाहेब, ह्या बाया तुम्हाला काहीही सांगतील. असं कुठं होत नसतं."

त्या बाईचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे वळली. "तूच सांग, मी खोटं लिहिलं का?"

मी म्हणाले, "नाही. माझीच मुलगी दुसरीच्या दुधावर आहे."

"कोणाच्या?" कारकुनाने विचारलं.

मी तेही सांगितलं.

मी आताही स्वतःला विचारते, का सांगितलं. ती बाई खोटी पडू नये म्हणून, हे अर्धं खरं. अर्धं हे की मी खुर्चीवर बसले होते आणि तिघं जण माझ्या तोंडाकडे पाहत होते.

ती बाई दुपारच्या गाडीने गेली. दिवेलागणीच्या आत आमच्या गावात विहिरीवर, देवळावर हेच. दुसऱ्या दिवशी खोलीत अर्धीसुद्धा लेकरं आली नाहीत. जिनाच्या फाटकाशी चार-पाच गावांचे पुरुष जमले. ज्या बायांनी दुसऱ्यांची लेकरं जगवली होती, त्याच मोठ्याने ओरडून सांगत होत्या, आपण कधी असलं केलंच नाही. मी त्यांना नाव ठेवत नाही. घरी मार खायचा नव्हता त्यांना. हंगाम भरात होता, काम थांबलं असतं तर मालकाचं नुकसान. मॅनेजरने मावशीला काढून टाकलं आणि फाटकाशी येऊन तसं जाहीर केलं. माणसं शांत होऊन घरी गेली.

मावशीने आपली लोखंडी पेटी उचलली. मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिने पाय मागे घेतले. "पोरीले पाह्य आता," एवढंच म्हणाली. रिसोडकडे तिचा भाचा होता, तिकडे गेली. परत मला दिसली नाही.

घरी नवऱ्याने मारलं नाही. तो उंबऱ्यावर बसून म्हणाला, "पाजलं त पाजलं. बोलाले कायले गेली तू?" सगळ्यांनी मला तेच विचारलं. दूध कोणाचं होतं हे कोणी मला तोंडावर विचारलं नाही.

सासूने मुलीला घरी ठेवून घेतलं. सासू वाईट नव्हती. तिने मुलीला ऊन पाण्याने न्हाऊ घातलं, देवापुढे ठेवलं आणि शेळीच्या दुधात पाणी घालून वाटी-चमच्याने पाजायला बसली. मुलगी चमचा जिभेने बाहेर ढकलायची. पहिले दोन दिवस रडली. मग जुलाब सुरू झाले. सासू दिवसभर तिला मांडीवर घेऊन बसायची, स्वतः जेवायची नाही. मी एकदा सासूला म्हणाले, "तिले जिनात नेऊ द्या, मामीजी." ती म्हणाली, "नेशीन त परत या घरात आणू नको. थिले बी आन तुले बी." मी नेलं नाही. एवढं बोलणारी मी, तेव्हा गप्प बसले. पंधरा दिवस पुरे झाले नाहीत, मुलगी गेली. ओढ्याच्या काठाला पुरली.

त्यानंतर मॅनेजरकडे नागपूरच्या बाईचा कागद आला. इथे पुढे काय झालं ते कळल्याचं त्यात काही नव्हतं. त्यात मावशीबद्दलच्या मजकुराखाली माझ्याबद्दलही लिहिलं होतं, की ही मुलगी शिकलेली आहे, धीट आहे, स्पष्ट बोलते, पुढे खोली चालवू शकेल. मॅनेजरला बाई हवीच होती. त्याने मला बोलावलं आणि सांगितलं, आईने आपलंच लेकरू पाजायचं, तेही दुपारच्या भोंग्याला, दुसरं काही दिसलं तर तुझी वाट तुला मोकळी. मी हो म्हणाले. मला घरात बसवत नव्हतं.

पहिल्या दिवशी दुपारचा भोंगा झाला तेव्हा ती उंच बाई आली. मुलाला घेतलं, पाजलं. मग झोळ्यांवरून नजर फिरवली.

"पोट्टी काहून नाई आणली?"

तिच्या वस्तीत आमच्या घरची बातमी गेलीच नव्हती. आमच्याकडच्यांनी त्यांच्याशी बोलणंच तोडलं होतं. मी सांगितलं.

तिने मुलाला मांडीवर घट्ट धरलं. "काई त पाजलं असन ना तिले?"

"शेळीचं."

"मले कायले नाई सांगतलं?" ती म्हणाली. "मी ओढ्यानं आली असती. कोणाले दिसलीबी नसती. एक सांगावा धाडावा लागत होता, बाई."

तिला सांगावा धाडायचा हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. सांगायचं तिथे सुचलं नाही.

तिचा मुलगा झोपला. कोपऱ्यातल्या झोळीत धनगराचं एक लेकरू सकाळपासून रडत होतं. त्याच्या आईला त्या दिवशी भोंगा होऊनही रेच्यावरून सोडलं नव्हतं. त्या उंच बाईचा पदर ओला झाला होता. ती उठली नाही, माझ्याकडे पाहत बसली. मी मावशीसारखं 'बस इथं' म्हणेन याची ती वाट पाहत होती. मी खाली मान घालून वहीत नावं लिहीत राहिले.

मग ती उठली, बाहेर गेली आणि भिंतीच्या कडेला मातीत दूध पिळून आली. हात धुतले आणि रेच्यावर गेली. ते लेकरू त्याची आई येईपर्यंत रडत होतं.