बोलायची डाक्टरीण

घाटनांदूरपासून केजपर्यंत शेळ्यांच्या कोणत्या बी बाजारात जाऊन इचारा, माझ्या तोंडाला तोंड देणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मागल्या साली मला 'पाणी' म्हणता येत नव्हतं.

पाणी मागायला तोंड उघडलं की आतून निघायचं 'हर्र्र'. शेळ्या हाकायचं. बायको चहा आणायची. मी मान हलवायचो. मंग तंबाखू, मंग उशी, मंग देवाचा अंगारा. पाणी यायचं सगळ्यात शेवटी. तवर तहान मरून गेलेली.

अशा टायमाला शेजारची पोरगी आमच्या ओसरीवर येऊन बसली, हनुवटीखाली हात लावला आन म्हणली, "घाई न्हाई मामू. थांबते मी."

तुमी बी बघितलं असंल, आपल्याकडं कुणी थांबत न्हाई. समोरचा 'मला' म्हणला की आपण 'माहीत हाय, माहीत हाय' म्हणून त्याचं सगळं आपणच सांगून मोकळे. ही पोरगी थांबायची. माझ्या तोंडाला फेस यायचा, डोळ्यात पाणी यायचं, आमची शेळी येऊन तिची ओढणी चघळून जायची, तरी ही बसलेली. बायको मधी बोलाया गेली की तिच्याकडं न बघता तळहात आडवा करायची. "मामी, शब्द त्यांचा हाय. त्यांनाच काढू द्या."

शेजारच्या बागवानाची पोरगी. बापाचा स्टँडवर फळांचा गाडा. सीताफळाच्या दिवसात सीताफळं, एरवी केळी, मोसंबी. पोरगी पुण्याला जाऊन शिकून आलती आन पुढच्या मोठ्या डिग्रीचे अर्ज भरत घरी बसलती. काय शिकती म्हणून मी एकदा गाड्यावर इचारलं व्हतं. माझी तब्येत घोड्यासारखी व्हती तवाची गोष्ट. बाप म्हणला, "ज्याला बोलता येत न्हाई त्याला बोलायला शिकवायचं."

मी म्हणलं, "त्याला कॉलेज कावून लागतं बे? मला घेऊन चला तिथं. मी समद्यांना एका दिवसात बोलायला शिकवतो, ते मला गप बसायला शिकवतील."

सगळा स्टँड हसला. ती बी हसली. केळीची फणी पिशवीत टाकत म्हणली, "मामू, तुमाला गप बसवायची डिग्री अजून निघाली न्हाई."

निघाली की. देवानं काढली.

माझा धंदा दलालीचा. शेळी विकणारा एकीकडं, घेणारा एकीकडं, मधी मी. आमच्या बाजारात भाव तोंडानं होत न्हाई. हातावर रुमाल टाकायचा, खालून बोटं दाबायची आन वरून पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या. कोण काय म्हणला ते हातालाच ठाऊक. तोंडाचं काम शेवटी. जमलं की दलालानं रुमाल उचलून वरडायचं, "झाला सौदा!" फिसकटलं तर, "सुटला सौदा!" 'झाला' म्हणल्यावर जो फिरला त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत न्हाई. आन दलाल 'सुटला' म्हणला की कुणी कुणाला बोल लावत न्हाई, दोघं मिळून चहा पितात.

एका बाजारी रुमालाखाली माझा हात ढिला पडला. समोरचं गिऱ्हाईक लई हुशार. त्याला वाटलं दलाल डाव टाकतोय. त्यानं भाव वाढवला. मी काही दाबंना. त्यानं आणखी वाढवला. मी आडवा झालो तवा तो म्हणला, "एवढं नाटक कशाला, देतो की!" माझ्या जिंदगीतला सगळ्यात भारी सौदा, आन 'झाला' म्हणायला तोंड न्हाई.

दवाखान्यातून आलो तो असा. उजवं अंग मेलेलं आन वाचा बसलेली. आत समदं कळत व्हतं बरं का. कोण मला भेटायला आलं, कोण माझ्या शेळ्यांवर नजर ठेवून आलं, समदं. बाहेर निघायचं ते फकस्त 'हर्र्र'.

तिनं आदुगर मोबाईलवर चित्रं दाखवली. छत्री. मी म्हणलं, "हर्र्र." किल्ली. "हर्र्र." मंग बापाच्या गाड्यावरनं एक डाळिंब आणून माझ्या डाव्या हातात दिलं. त्या डाळिंबाकडं बघून मला रडू आलं. एवढी साधी गोष्ट, जन्मभर खाल्लेली, आन नाव कुठं गेलं काय म्हाईत.

एक मात्र साफ यायचं. शिवी. जावई बघायला आलता. मी 'या, बसा' म्हणायला तोंड उघडलं आन निघाली घसघशीत आईवरची. जावई उठून गेला. ही मात्र खूश. म्हणली, "मामू, लई चांगलं झालं! शिव्या, गाणी, पाढे, जे तोंडात मुरलेलं असतं ते लवकर जात न्हाई. आपण त्याच दारानं आत जाऊ."

बायको म्हणली, "चांगलं झालं? जाऊन जावयाला सांग ते."

पाढे मला कधीच येत नव्हते. शाळेचं दार मी बाहेरून बघितलेलं. गाणं म्हणलं की शेळ्या पळायच्या. ती लई इचारात पडली. मंग तिला सुचलं. वार ती म्हणायची, आन त्या वारच्या बाजाराचं गाव मी म्हणायचं. पन्नास वर्षं पायाखाली घातलेली गावं. ती 'सोमवार' म्हणायची आन थांबायची. 'मंगळवार' म्हणायची आन थांबायची. असं कैक दिवस चाललं. आन एका सकाळी माझ्या तोंडातून धाडकन पडलं, "केज."

आजारानंतरचा माझा पहिला शब्द. देवाचं नाव न्हाई, बायकोचं न्हाई. केज. बायको पदर तोंडाला लावून रडली आन लगेच म्हणली, "गूमूत मी काढलं, आन नाव घेतलं केजचं!"

त्यानंतर तिनं माझाच रुमाल काढला. उजवा हात कामाचा नव्हता म्हणून डावा मागितला. मी मागं घेतला. डाव्या हातानं सौदा करतं का कुणी? ती म्हणली, "आपला दोघांचा बाजार हाय मामू, इथं चालतं." रुमालाखाली एक बोट म्हंजे पाणी, दोन बोटं म्हंजे चहा. पुढं म्हणली, बोट दाबायच्या आदुगर ओठ हलवा. त्याच्या पुढं म्हणली, आता बोट दाबूच नका. असं करत तिनं माझ्या हातातली भाषा हळूहळू वर सरकवत तोंडात आणली. 'पाणी' आलं. 'नको' आलं. ते आल्यावर बायकोचा तरास वाढला.

ह्याच टायमाला तिचे अर्ज चाललते. रेंज आमच्या ओसरीवर चांगली, म्हणून मोठ्या कॉलेजची मुलाखत बी मोबाईलवर हितंच झाली. कर्नाटकातलं कॉलेज, लई लांब, पण ह्या विषयात देशात नाव असलेलं. तिकडून बाईंनी इंग्रजीत काही इचारलं, हिनं इंग्रजीत सांगितलं. तेवढ्यात आमची शेळी मधी घुसली आन मी आपला हाकायला "हर्र्र!" बाई थांबल्या. मला वाटलं, संपलं. पोरीचं कॉलेज शेळीनं खाल्लं.

ही शांत. मोबाईल माझ्याकडं फिरवला आन काहीतरी म्हणली. बाईंनी मला नमस्कार केला. मी बी म्हणलं, "केज." लई झालं तेवढं.

नंतर मी मोबाईलकडं बोट दाखवून इचारलं, काय सांगितलंस त्यांना? ती म्हणली, "त्यांनी इचारलं, हेच का शिकायचं? मी दादीचं सांगितलं." तिची दादी अशीच वाचा बसून गेलती. ती म्हणली, "घरच्यांनी दादीला शेवटपर्यंत जे पायजे ते ओळखून दिलं, मामू. इचारलं कुणीच न्हाई. सगळे इतके चांगले व्हते, की तिला बोलायची पाळीच आली न्हाई." हे बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

बोलावणं आलं दोन जागचं. पहिलं आलं ते जवळच्या शहरातलं, आईतवारी घरी येता येईल असलं. हो का न्हाई ते लगेच कळवा म्हणले. लांबच्याचा पत्ता नव्हता, म्हणून हिनं 'हो' कळवून टाकलं. समद्यात जास्त खुशी मला. दर आईतवारी ती येणार, आन माझं ऱ्हायलेलं तोंड पुरं होणार.

मंग लांबचं आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बापलेक दोघं आमच्या ओसरीवर. बाप टोपी हातात घेऊन बसला. म्हणला, "दलालसाब, तुमीच न्याय करा. फळाच्या धंद्यात मी एकदा हो म्हणून कधी मागं फिरलो न्हाई. पोरीनं तिकडं हो म्हणलंय. आता हे मोठं आलं म्हणून फिरायचं? बाजाराचा कायदा काय सांगतो?"

असं म्हणून त्यानं पोरीकडं चोरून बघितलं. मला वाटलं, बिचारा बाप, घाबरलाय.

त्यांच्या ओट्यावर आमची लाल बॅग उभी दिसत व्हती, लग्नाकार्याला नेतो ती. ती तिकडं कशी, असं इचारायचं मनात आलं. पण एवढं लांब वाक्य माझ्याकडं कुठलं?

पोरीनं रुमाल काढला. माझा डावा हात धरला, बापाचा हात त्यावर ठेवला, वरून रुमाल टाकला. मी बोट दाबलं. ती म्हणली, "दाबून न्हाई चालायचं मामू. दलालानं वरडायचं असतं. झाला का सुटला?"

आन हनुवटीखाली हात लावून बसली. "थांबते मी."

'झाला' माझ्या ओठावर तयार व्हता, तुमाला खरं सांगतो. सोपा शब्द, जन्मभर वरडलेला. तो म्हणला की बाप खूश, बाजाराचा कायदा खूश, आन समदे आईतवार माझे. दुसरा शब्द कुठंतरी खाली दबलेला. मी त्याला वढाया लागलो. निघालं 'हर्र्र'. पुन्हा वढलं, निघालं 'केज'. मंग एक शिवी निघाली, ती बापाला लागली. तो खाली मान घालून बसला. कपाळावरचा घाम माझ्या डोळ्यात उतरला. बायकोनं तोंड उघडलं. शब्द तिच्या बी ओठावर व्हता, मला दिसत व्हता. पण कुणी तळहात आडवा न करता तिनं तोंड मिटलं आन पदर गच्च धरून बसली.

ती आपली थांबलेली. डोळ्याची पापणी सुदिक घाई करीत नव्हती.

"सु," मी म्हणलं. "सु... सुट... सुटला!"

'सौदा' काही आला न्हाई. मी डाव्या हातानं रुमालच उचलून अंगणात फेकला. शेळी दचकून पळाली.

बापानं टोपी डोक्यावर घातली. म्हणला, "दलाल बोलला. सुटला तो सुटला." पोरीनं अंगणातून रुमाल उचलला, झटकला, घडी घालून माझ्या मांडीवर ठेवला.

पहिल्या कॉलेजचं काय झालं म्हणाल, तर तिकडून एका ओळीचं उत्तर आलतं म्हणे. कळवल्याबद्दल आभार, जागा पुढच्याला देतो. एवढंच. आन हिकडं आमी बाजाराचा कायदा काढून बसलतो.

ती गेली त्या दिवशी मला काठी टेकवत स्टँडवर नेलं. गाड्याजवळ खुर्ची टाकली. बस आली, ती खिडकीत बसली. मला म्हणायचं व्हतं, नीट जा. 'नीट' आलं. पुढचं येईना. तिनं खिडकीतून बघितलं, हनुवटीखाली हात लावला आन थांबली. ती थांबली, पण बस थांबती व्हय? 'जा' मी म्हणलो तवा समोर फकस्त धूळ व्हती आन बाप केळीवरच्या माशा वारीत उभा व्हता.

आता मी बोलतो. अडत अडत, पण बोलतो. लिहिता येत न्हाई म्हणून हे समदं मोबाईलला सांगतोय, तो उतरवून घेतो. डाक्टरला कळत नव्हतं ते माझं बोलणं मोबाईलला कळतं, ही त्या पोरीची करामत. आईतवारी तिचा फोन येतो. फोनवर बी माझा शब्द अडला की ती काही बोलत न्हाई. नुसता तिचा श्वास ऐकू येतो.

परवा चहा पिता पिता मला फुशारकी आली. मी बायकोला म्हणलं, "बघ. आपल्या गल्लीतून एवढ्या लांब कॉलेजला कोण गेलं न्हाई. ही गेली, ती कुणामुळं? माझ्या एका शब्दामुळं. बापाचं काळीज दगडाचं झालतं, मी 'सुटला' म्हणलो म्हणून सुटलं." हे म्हणायला मला चांगला अर्धा कप चहाचा टाइम लागला. बायको हनुवटीखाली हात लावून बसली. मधी एक शब्द बोलली न्हाई. माझं पुरं होऊ दिलं.

मंग म्हणली, "बाप त्या रुमालाच्या आदल्या दिवशीच राजी झालता. दोन्ही कॉलेजला कळवून बी झालतं. पोरगी माझी लाल बॅग न्यायला आलती तवाच सांगून गेली मला, मामूला बोलू नका म्हणून. तुमचा शब्द तेवढा निघायचा ऱ्हायला व्हता, त्यासाठी थांबलती ती. प्या आता, गार झाला."