मधे कुणी आलं नसतं तर

साळवे सरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी मला बाद दिलं तेव्हा. करमाडच्या आमच्या शाळेत ते सॉफ्टबॉल शिकवायला आले होते. जिल्ह्याचे पंच, शहरातल्या उस्मानपुऱ्यात राहणारे, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. मी आठवीत. घरी मेंढरं, त्यामुळं पळणं अंगातच होतं, नियम मात्र शून्य! पहिल्या बेसवरून सुटले आणि चेंडू उचलायला वाकलेल्या मुलीला अशी ढुशी दिली की ती बिचारी चारी मुंड्या चीत.

सरांनी मूठ वर केली. "बाद!"

"ती मधी का आली?" मी भांडायलाच उठले.

"ती नाही आली बाई, तुम्ही आलात," सर म्हणाले. आठवीतल्या पोरीला 'तुम्ही'! मी निम्मी तिथंच गार झाले. "मारलेला चेंडू घ्यायला जो निघाला, त्याची वाट मोकळी सोडायची. पण हातात चेंडू नसताना, चेंडू घ्यायचाही नसताना कुणी तुमची वाट अडवली, तर थांबू नका. पळत राहा. बघायला मी आहे."

त्या शेवटच्या दोन वाक्यांत सरांचा अख्खा स्वभाव आहे, असं मला वाटतं. त्यांच्याशी ओळख असलेल्या प्रत्येकाला त्यांचा डावा हात माहीत आहे. क्षेत्ररक्षकानं धावणारीला अडवलं की पंच डावा हात बाजूला सरळ करतात, खेळ चालू ठेवतात आणि निवाडा नंतर देतात. सर हे रस्त्यावरही करतात! गल्लीच्या तोंडाशी कुणी मोटारसायकल आडवी लावून गप्पा मारत असलं की सरांचा डावा हात बाहेर. पोरं हसतात, पण गाडी काढतात. सरांच्या घरच्या काकू म्हणतात, "लग्नात आंतरपाट धरला तेव्हाही ह्यांचा हात वळवळत होता." सर यावर नुसती टोपी नीट करतात, म्हणजे खरं असावं.

शहरातल्या मैदानावर सराव लांबला की सर आम्हा करमाडच्या मुलींना जालना रोडपर्यंत सोडायला यायचे आणि बस दिसेपर्यंत थांबायचे. थांबायचे म्हणजे काय, तिथंही रस्त्याकडेला खडे मांडून नियम शिकवायचे. बस आली तरी एखादा खडा बाद की नाबाद हे ठरायचं बाकी असायचं. कंडक्टर लई वैतागायचा.

आता खरी गोष्ट सांगते. मी दहावीत असताना जिल्ह्याचा अंतिम सामना होता. जिल्ह्यात पंच कमी, म्हणून पंच साळवे सरच. जिंकलो तर राज्याला जायचं. आणि माझ्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, सांगून टाकलं होतं, "एवढा एक खेळ बघतो. शाळा संपली की मेंढरामागं. पोरीच्या जातीला पळून कुठं जायचंय?" आबा काठी घेऊन आले आणि सावली बघून चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेषेच्या आतच बसले. गर्दीत कुणाचं लक्ष गेलं नाही.

शेवटचा डाव, गुण बरोबरीत. मी दुसऱ्या बेसवर. मैत्रिणीनं फटका मारला, मी तिसऱ्याकडं सुटले. मला टिपायला तिकडं फेकलेला चेंडू भलतीकडं गेला, थेट आबांच्या बाजूला. मी तिसरा बेस ओलांडून होमकडं निघाले. आणि आबांनी काय करावं? कळपातून सुटलेलं कोकरू अडवावं तशी काठी आडवी घातली, चेंडू उचलला आणि धावत आलेल्या समोरच्या संघाच्या पोरीच्या हातात अदबीनं ठेवला. "घे माय."

तिनं तो होमला फेकला आणि मला टिपलं. आऊट! मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. मला तर रडूच फुटलं. माझ्याच बापानं मला बाद केलं की हो!

पण चेंडूला काठी लागली त्याच क्षणी सरांनी दोन्ही हात वर करून खेळ थांबवला होता. समोरचे प्रशिक्षक तावातावानं आले. सरांनी शांतपणे नियम सांगितला: बाहेरच्या माणसानं चेंडू अडवला की खेळ तिथंच थांबतो. त्याच सामन्यात आडवं आल्याबद्दल त्यांनी आमची एक मुलगी बाद दिली होती, त्यामुळं पक्षपाताचं नाव काढायची सोयच नव्हती.

आबा टोपी काढून पुढं आले. "पंच, गलती माझी हाय. पोरीला सजा नका देऊ."

"सजा कसली, मामा? मधे कुणी आलं नसतं तर ती कुठवर गेली असती, एवढंच मी बघतो. तेवढं तिला द्यायचं." सरांनी होमकडं हात केला. "धाव मंजूर."

आम्ही जिंकलो! पोरींनी मला उचललं. आबा मात्र बाजूला काठी टेकून उभे. मैदान पांगल्यावर ते सरांजवळ गेले. मी मागंच होते.

"मंग सर, एक सांगा. म्या मधी आलो नाय, तर ही कुठवर जाईल?"

सर म्हणाले, "ते मलाही नाही सांगता येत, मामा. ते हिनंच पळून बघायला पाहिजे."

आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "व्हय," ते म्हणाले. "मंग पळू द्या."

मी राज्याला खेळले, पुढं शिकले. आज चितेगावच्या शाळेत खेळ शिकवते, पंच म्हणून उभी राहते. माझाही डावा हात आता ऐकत नाही.

सरांची पंचाहत्तरी होतेय आणि अजून ते स्वतः फक्की मारून मैदान आखतात. सर, तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्या वाटेत काही आडवं आलंच, तर तुम्ही थांबू नका. बघायला आम्ही आहोत.

पंचाहत्तरीच्या सत्काराला आबाही येणार आहेत. त्यांनी निरोप दिलाय, "सरांना सांग, म्या रेषेच्या भाईर बसतो."