पडावातून आगबोटीत

आज सकाळी आमची लेक मुक्ता कॉलेजसाठी मुंबईला गेली. आमच्याकडे घरचं कुणी लांब निघालं की देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं घालायचं आमच्या थोरल्या काकांनी, म्हणजे आप्पांनी, आणि त्यांच्या प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

आप्पांनी सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा, तुजं लेकरू शिकाया मुंबैला चाललंय. पडावातनं आगबोटीत चढताना त्याचा पाय घसरू देऊ नको.”

आम्ही सवयीने ‘व्हय म्हाराजा’ म्हणून मोकळे झालो. मुक्ता मात्र फिसकन हसली. “आप्पाआजोबा, मी एसटीने चाललेय.”

आप्पा चिडले नाहीत. म्हणाले, “माझे वडील एकोणीसशे तीसच्या सुमारास कॉलेजसाठी मुंबईला निघाले, तेव्हा आगबोट खोल पाण्यात उभी राहायची. पडावातून, म्हणजे होडीतून तिथवर जायचं नि हलत्या शिडीवर पाय टाकायचा. घरातलं पहिलंच पोर शिकायला चाललेलं. त्यांच्या आजोबांनी हेच गाऱ्हाणं घातलं. वडील नीट पोचले, शिकले, परत आले. लागू पडलेले शब्द मी कशाला बदलू?”

मग त्यांनी पुढचं मागणं घातलं, “आनि शिकूनसवरून त्याला घराकडं परत आन.”

या वेळी सगळ्यांत मोठं ‘व्हय म्हाराजा’ मुक्ताचं होतं.

तुमच्या घरच्या गाऱ्हाण्यात असं काय जुनं राहिलंय?

आत्ताच हातखंब्याच्या एसटी थांब्यावरून तिचा मेसेज आला: “आगबोटीत बसले. पाय घसरला नाही.”