दुष्काळी कामावरची मोरी

बहात्तरच्या दुष्काळात पाणीच नव्हतं, म्हणून जुन्या जालन्यातली सगळी बांधकामं बंद पडली. माझे मालक गवंडी होते. थापी आणि ओळंबा पिशवीत घालून त्यांनी खुंटीला अडकवून ठेवले. मग सरकारनं वडीगोद्रीकडं रस्त्याचं काम काढलं आणि आम्ही दोघंही तिकडं गेलो.

तिथं सगळ्यांच्या हातात खडी फोडायचा हातोडा. पहिल्या दिवशी हे दिवसभर खडी फोडत राहिले. संध्याकाळी म्हणाले, "भिंती उभ्या करणारा माणूस मी, अन् आता दगड फोडून राह्यलो."

"हात तर चालू हायेत नं?" मी म्हणाले.

महिनाभरानं ओढ्यावर मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला छोटा पूल, बांधायची ठरली, टँकरच्या पाण्यावर. कामावरच्या साहेबांनी विचारलं, "इथं कोणी गवंडी आहे का?"

हे खाली मान घालून बसलेले. मीच उठून ओरडले, "हायेत की! माझे मालक हायेत!"

बाया खळखळून हसल्या. हे लाजत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दगड बसवताना ते शीळ घालत होते आणि मी त्यांच्या हाताखाली होते. दुपारी सरकारी सुकडी मिळायची, ती आम्ही त्या अर्ध्या भिंतीच्या सावलीत बसून खायचो.

पुढं पाऊस झाला, शहरातली कामं सुरू झाली, आम्ही परतलो. नंतर त्यांनी मोठमोठी घरं बांधली. पण आम्ही दोघांनी मिळून बांधलेली ती एक मोरीच.