कपाळावरचा कागद

गुणाजी कापडगिरणीच्या साचेखात्यात, मागावर कामाला होता, म्हणजे संपाआधी. संपाला चार वर्षं उलटली तरी तो स्वतःची ओळख तशीच करून द्यायचा. प्रत्यक्षात चिंचपोकळीच्या चाळीत, स्वतःच्या खोलीला लागून असलेल्या व्हिडिओच्या खोलीत तो चिनी पिक्चर बोलायचा. पिक्चरची भाषा कुणालाच कळेना, म्हणून व्हिडिओवाल्याने टीव्हीचा आवाज बंद केला आणि मनाला येतील ते संवाद म्हणायला त्याला बाजूला स्टुलावर बसवलं. गावच्या दशावतारात तो संकासूर करायचा. माणसांना घाबरवता घाबरवता हसवायचं त्याच्या अंगातच होतं.

पिक्चर तरी कसले! मुंडकी उडतात, आतडी लोंबतात, पांढऱ्याफटक तोंडाचे मुडदे हात ताठ धरून टुणटुण उड्या मारत येतात आणि एक जाडा भटजी त्यांच्याशी कराटे खेळताना स्वतःच आपटतो. चाळीतल्या शिकलेल्यांनी नाकं मुरडली. मुरडोत. चार वर्षं ज्यांना कुणावर हात उगारता आला नाही, त्यांना इथे दीड तासात वैऱ्याचा कोथळा निघालेला दिसत होता, वर पोट धरून हसायलाही मिळत होतं. एवढं त्यांना दुसरं कोण देत होतं?

भटजीने मंतरलेला पिवळा कागद कपाळावर चिकटवला की मुडदा जागच्या जागी थिजायचा. त्याच सुमारास गिरणीने शंभर माणसं परत घ्यायचं जाहीर केलं, पण हमीपत्र लिहून घेऊन, की पुन्हा संपाचं नाव काढणार नाही. गुणाजीने भटजीला मॅनेजरचा आवाज दिला.

"सही केलंस मा? आता गप रव."

खोली हसून कोसळली. मागे भिवा बसला होता. अठरा वर्षं गुणाजीच्या शेजारचा साचा चालवलेला. त्याने सकाळीच सही केली होती. सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले तसा तो उठून गेला. गुणाजीला हे ठाऊक नव्हतं. पण कळल्यावरही त्याने वाक्य बदललं नाही. हातात आलेला हशा कोण सोडतो?

त्याची बायको शेवंती खानावळीच्या चपात्या लाटून खांद्यातून गेली होती. ती रोज एकच सांगायची, सही करा. तो उद्यावर ढकलायचा. शेवटी भिवाच दारात आला.

"फाल्या शेवटचो दिवस. ये."

"लोक हसतले."

"हसतले. माका हसले, मी मेलंय काय?"

दुसऱ्या दिवशी गुणाजी गेटवरच्या रांगेत उभा राहिला. पुढे फक्त सात माणसं. समोरच्या टपरीवर रोजचा एक प्रेक्षक चहा पीत होता. त्याने गुणाजीला ओळखलं, ग्लास ठेवला, हात पुढे ताठ केले आणि दोन उड्या मारल्या. रांग हसली. गुणाजीही हसला आणि हसत हसत, जणू गंमत बघायलाच आला होता, रांगेतून बाहेर पडला.

त्या शंभर जणांच्या यादीनंतर गिरणीने एकही माणूस घेतला नाही.

घरी शेवंतीने विचारलं, झाली का सही? रांग मोठी होती, असं सांगून तो संध्याकाळच्या खेळाला गेला. कागदाचा प्रसंग आला. लोक थांबून राहिले होते. त्याने वाक्य टाकलं, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत.

फळीच्या भिंतीपलीकडे शेवंती कणीक मळत होती. तिला वाक्य ऐकू आलं, मग हशा. रांग किती मोठी होती ते तिला कळलं.